चौदा जणांचं टेबल

१२ जानेवारी

प्रिय ठमे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि सोडून देतेस, आणि वाचलास हे मला इथे बसल्या बसल्या कळतं. तशी सोय फोनवाल्यांनी करून ठेवली आहे. म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी ते निदान हातात घ्यावं लागतं.

आत्याने तुला सांगितलंच आहे. बाबा गेल्यावर मी टेबल विकलं. "आई, तू बाबांना विकलंस," एवढं म्हणून तू फोन ठेवलास. टेबल कसं गेलं तेवढंच सांगते. आत्या त्या दिवशी इथे नव्हती. तिला जिन्यातल्या बायकांनी सांगितलं आणि त्यांना मी नको म्हणून सांगितलं होतं.

आधी ते आलं कसं ते तुला ठाऊक आहे का? तू तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होतीस. बाबांच्या ऑफिसात नवं फर्निचर यायचं होतं आणि जुनं स्टाफला घेऊन जा म्हणाले. बाकीच्यांनी एखादी खुर्ची उचलली, कुणी पंखा नेला. आपल्याकडे ट्रक आला. बैठकीचं टेबल, त्याभोवतीच्या फिरत्या खुर्च्या, नंबर रंगवलेलं लोखंडी कपाट, भेटायला येणाऱ्यांनी बसायचा बाक, आणि 'आवक' 'जावक' लिहिलेले दोन लाकडी ट्रे. बाबा म्हणाले, "असलं लाकूड आता बघायला मिळत नाही." ते खरंच होतं. मी आवकमध्ये इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले आणि जावकमध्ये इस्त्री झालेले. त्यावर तुझे बाबा इतके हसले होते की डोळ्यांत पाणी आलं. असं ते हसायचे, हेही लिहून ठेवते.

तर टेबल. चौदा माणसं बसतील असं, आणि घरात अडीच माणसं. मीठ हवं तर उठावं लागायचं. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला मी, कारण स्वयंपाकघर माझ्या पाठीमागे. मधे कुठेतरी तू, दोन उशांवर.

ते विकत घेतलं मुलींच्या एका वसतिगृहाच्या बाईंनी. त्या न्यायला आल्या तेव्हा सोबत मिस्त्री होते. त्यांनी दाराचं माप घेतलं, टेबलाचं घेतलं, पुन्हा दाराचं घेतलं.

"बाई, हे आत आलं कसं?"

"दोरीने. गॅलरीतून. तेव्हा जाळी नव्हती."

"मग आता एकतर जाळी काढावी लागेल, नाहीतर टेबल कापावं लागेल. कापणं सोपं. तिकडे नेऊन जोडून देतो, कळणारसुद्धा नाही."

"जाळी काढा," मी म्हणाले.

हे आत्याला माहीत नसेल. टेबल मी कापू दिलं नाही. अख्खं गेलं, जसं आलं तसं, दोरीने. खाली मुलं टाळ्या वाजवत होती.

मी रडले नाही, असं आत्या म्हणाली असेल. नाही रडले. मी फरशीकडे बघत होते. टेबलाखालची फरशी नवी कोरी निघाली, बाकीच्या खोलीचा रंग कधीच उडाला होता. मी त्या कोऱ्या भागावर जाऊन उभी राहिले. मग बसले. बरं वाटलं, एवढंच सांगते.

जाळी अजून परत बसवलेली नाही.

तुझी
आई

 

२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहणार, तुला माझा स्वभाव माहीत आहे. किंवा नसेलही. बाबा असताना माझा स्वभाव फारसा कुणाला लागायचा नाही.

टेबल गेलं तसा बाक, कपाट आणि खुर्च्याही गेल्या. वसतिगृहाच्या बाईंनी मागितलं आणि मी देऊन टाकलं. बाबांची मोठी खुर्ची ठेवली आहे, काळजी करू नकोस. तर तिच्याखेरीज घरात बसायला काही उरलं नाही. म्हणून त्या मिस्त्रींच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक लांब शेड. पुढच्या भागात ते लाकूड कापतात आणि मागच्या भागात त्यांची बायको गाद्या, कुशन, खुर्च्यांचं कापड करते. तिला सगळे वहिनी म्हणतात, गिऱ्हाईकसुद्धा. मीही म्हणायला लागले, आहे ती माझ्याहून लहान.

मी म्हटलं, एक खुर्ची हवी, पाहुण्यांसाठी. 'माझ्यासाठी' म्हणायला जीभ वळली नाही.

"पाहुणे उंच आहेत की बुटके?" वहिनीने विचारलं.

"माझ्याएवढे."

ती हसली. म्हणाली, "बसा." एक तयार खुर्ची पुढे केली, बसले. ती माझ्याभोवती एक चक्कर मारून आली.

"तुमचे पाय कुठे आहेत?"

"हे काय, आहेत की."

"जमिनीवर नाहीत."

मी खाली पाहिलं. खरंच नव्हते. चवडे तेवढे टेकले होते, टाचा अधांतरी. बाई गं, मला वाटायचं सगळे असेच बसतात! आपल्या घरच्या त्या ऑफिसच्या खुर्च्या साहेबलोकांच्या उंचीने बनवलेल्या. मी इतकी वर्षं एकतर कडेवर बसले, नाहीतर मांडी घालून, नाहीतर पाय लोंबकळत. कंबर दुखायची ती बाळंतपणानंतरची म्हणून सोडून दिली होती.

वहिनीने टेप काढली. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत माप घेतलं. मांडीची लांबी घेतली, पाठ कुठे टेकते ते खडूने माझ्या साडीवर खूण करून बघितलं. कोपर किती उंचीवर येतं ते पाहिलं. कपड्यांसाठी माझी मापं खूप जणांनी घेतली आहेत. मी बसते कशी हे कुणी कधी मोजलं नव्हतं. मी उगाचच पाणी मागितलं.

खुर्ची काल आली. लिहायला बसले तरी चालते, टीव्ही बघायला बसले तरी चालते. वहिनी म्हणते, माणूस तेच, ऑफिसात बसलं काय आणि घरात बसलं काय, कंबर काही बदलत नाही. कापड पिवळं निवडलं. तू नाक मुरडशील. मुरड.

तुझी
आई

 

२६ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आत्या येऊन गेली. पिवळी खुर्ची बघून मला म्हणाली, "वहिनी, या वयात?" मी म्हटलं, या वयातच बसायला लागतं हो. ती चहा न घेता गेली. तुला फोन झालाच असेल.

म्हणजे तुला हेही कळलं असणार की मी कामाला जाते. आत्याने 'सुताराकडे' असं म्हटलं असेल. सुताराकडेच. पण मी रंधा मारत नाही, मापं घेते. झालं असं की माझी खुर्ची बघून खालच्या मजल्यावरच्या आजींनी तशी मागितली, मग त्यांच्या सुनेने, ती घरूनच काम करते. मग तिच्या ऑफिसातल्या बायकांनी. वहिनीला शेड सोडून सगळीकडे जाता येत नाही, आणि अनोळखी घरात गेलं की मिस्त्रींच्या तोंडून शब्द फुटत नाही. मला बोलता येतं. इतकी वर्षं साठलंय.

परवा एका मोठ्या ऑफिसात गेले होते. दिवसभर फोनवर बोलायचं काम, निम्म्याहून जास्त मुली. प्रत्येकीच्या पायाखाली काहीतरी होतं. कुणाची पर्स, कुणाचा डबा, एकीने तर जुन्या फायलींचा गठ्ठा दोरीने बांधून ठेवला होता. मी साहेबांना ते दाखवलं.

"पण खुर्च्या वरखाली होतात," साहेब म्हणाले. "आम्ही मुद्दाम तशा घेतल्या."

"होतात ना. पण खुर्ची खाली केली की टेबल हनुवटीला येतं. टेबल कुठे वरखाली होतं?"

साहेब विचारात पडले. चांगला माणूस आहे. मग म्हणाले, "माझंही बघा जरा." उठून उभे राहिले तर ताडमाड, आणि टेबलाच्या खालच्या फळीला गुडघे घासून पँटचा रंग गेलेला! त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

मापं घेताना मी माणसांना काम करत राहायला सांगते. मोजतंय म्हटलं की माणूस ताठ बसतो, नेहमी बसतो तसा नाही. थोडा वेळ गेला की विसरतो, मग खरा बसतो. तोवर मी शेजारी उभी राहते, काहीबाही बोलते. एक मुलगी तुझ्यासारखी केस एका बाजूला घेऊन बसली होती. तिला विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हणाली, "आई. पण आम्ही सध्या बोलत नाही." मी तिचं माप दोनदा घेतलं.

कशी बसतेस तू, ठमे? मला आठवत नाही.

तुझी
आई

 

१९ मार्च

ठमे,

तुझं पत्र मिळालं. दारातच उघडलं, चप्पल पायात होती.

तू लिहिलंस, "मी बाबांच्या बाजूने रागावले आहे असं तुला वाटतं. तसं नाही." तू लिहिलंस की तू त्या टेबलाखाली राहायचीस. रात्रीची जेवणं झाली की बाबा म्हणायचे, "चला, दिवसभराचं सांगा." तू तुझं सांगून झालं की खेळायला जायचीस आणि वळसा घालून परत टेबलाखाली शिरायचीस. तिथे तुझी बाहुली होती, उशी होती. आणि वरचं सगळं तू ऐकायचीस.

मग तू लिहिलेलं ते पडद्यांच्या दुकानाचं. ते मी आजवर कुणाशी बोललेले नाही गं. माझ्या आईशीसुद्धा नाही. गॅलरीला मी पिवळे पडदे शिवले होते. ते बघून दुकानदाराने मला कामावर बोलावलं होतं. लोकांच्या घरी, ऑफिसात जायचं, कुठल्या खिडकीला काय शोभेल ते सांगायचं, कापड निवडून द्यायचं. मी तुझ्या बाबांना जेवण झाल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं आहे. हा विषय पुढच्या वेळी घेऊ."

तू लिहिलंस, "मी पुढच्या वेळेची वाट बघत होते. रोज टेबलाखाली जाऊन बसायचे. तू तो विषय परत काढलाच नाहीस. ते असताना तू एक खुर्ची हलवली नाहीस, आणि ते गेल्यावर सगळं घर रिकामं केलंस. मग आधी का नाही, आई? मी तिथे होते ना."

मी याचं चार ओळींत उत्तर द्यायचं म्हणून बसले आणि आता अंधार पडत आलाय. तू रागावलीस ते बरोबर की चूक, हे मी ठरवत नाही. एवढंच सांगते की मला ते सोडून द्यावंसं वाटलं नव्हतं. तुझे बाबा कधी ओरडले नाहीत, नको म्हणाले नाहीत. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पुढे बघू म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येत नव्हतं. मी वाट बघत होते की ते विषय काढतील. ते विसरून गेले होते, मला वाटतं. खरोखर विसरले होते.

आणि तू खाली बसून वाट बघत होतीस. आपण दोघी.

पुढे लिहवत नाही.

आई

 

२ एप्रिल

प्रिय ठमे,

आज मी टेबल बघायला गेले.

वसतिगृह नोकरी करणाऱ्या मुलींचं आहे. खाली एक मोठी खोली, तिथेच जेवण आणि तिथेच काम. टेबलाच्या एका टोकाला दोघीजणी जेवत होत्या. दुसऱ्या टोकाला एकीने लॅपटॉप उघडला होता, एक नकाशे पसरून बसली होती. बाईंना वाटलं मी परत मागायला आले. त्या घाबरल्याच. म्हणाल्या, "पॉलिश करून घेतलंय हो आम्ही." खरं सांगते, घरातून निघताना मनात तेच होतं. मागून घ्यायचं, गॅलरीतून वर चढवायचं आणि तुला फोटो पाठवायचा.

तिथे गेल्यावर ते जमलं नाही. त्या नकाशेवालीने कोपर टेबलावर टेकून, ओठ चावत एक रेघ मारली आणि ती बरोबर आली म्हणून स्वतःशीच मान हलवली. ते तिचं टेबल होतं गं. आपलं कधी इतकं वापरलं गेलं नव्हतं.

मग मी बाईंना म्हटलं, "मला जरा त्याखाली जायचं आहे."

"काही पडलं का?"

"नाही. बघायचंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पण माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून लोक हल्ली फार विचारत नाहीत. मी पदर खोचला आणि गेले खाली. गुडघे कुरकुरले. एक मुलगी वाकून म्हणाली, "आजी, मदत करू?" मी म्हटलं, "नको, मी आलेच."

तू म्हणतेस ते खरं आहे. ती एक खोलीच आहे. मधल्या जाड पायाला पाठ टेकली की छान बसता येतं. वरचं बोलणं लाकडातून घुमून येतं, अगदी स्पष्ट, शेजारी बसल्यासारखं. कुणी चमचा ठेवला तरी डोक्यात वाजतो. तोंडं दिसत नाहीत. दिसतात फक्त पाय.

मी बराच वेळ पाय बघत होते. एकीने चपला काढून टाकल्या होत्या. एक गुडघा सतत हलवत होती. आणि जेवणाऱ्या दोघींतली बुटकी, तिचे पाय टेकत नव्हते. वर तिचा आवाज चांगला ठणठणीत होता, कुणाला तरी हसत होती. खाली तिने एक पाय दुसऱ्यात अडकवून धरला होता, घट्ट.

तेव्हा मला कळलं की तू काय बघत होतीस. वर मी म्हणत असेन, "बरं, पुढच्या वेळी बघू." आवाज नेहमीसारखा. माझा चेहरा तुझ्या बाबांनी पाहिला, त्यात काही नव्हतं. पाय तू पाहिलेस.

बाहेर यायला मला दोघींनी हात दिला. मग नकाशेवाली म्हणाली, "आजी, सापडलं का?" मी हो म्हणाले.

येताना त्या बुटक्या मुलीचं माप घेऊन आले. तिच्यासाठी पायाखालचा पाट वहिनी करून देणार आहे.

ठमे, तू ये ना. किंवा मी येते. माझ्याकडे बोलण्यासारखं काही तयार नाही. नुसतीच ये.

तुझी
आई

 

११ मे

प्रिय ठमे,

तार यावी तसं तुझं पत्र. "शनिवारी येते. स्टेशनवर येऊ नकोस." बरं, नाही येणार.

आतली खोली झाडून ठेवली आहे. तिथे काही नाही. गादी आहे, उशी आहे, खिडकी आहे. वहिनी म्हणत होती, मुलगी येतेय तर एक छानसा दिवाण देते, घेऊन जा. मी नको म्हटलं. तुला काय हवं ते मला माहीत नाही आणि यावेळी मला अंदाजही करायचा नाही.

आत्याला सांगितलेलं नाही. तू सांग, सांगायचं तर.

आई

 

२ जून

प्रिय ठमे,

तू गेल्यापासून आतल्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलं आहे. तुझी केसांची क्लिप खिडकीत राहिली. पाठवत नाही.

तू आल्या आल्या आपण भांडलो ते चांगलं झालं. मला भीती होती की आपण दोघी नुसत्या गोड बोलू आणि रविवार संपेल. बॅग ठेवायच्या आधीच तू म्हणालीस, "ही काय अवकळा आणलीस घराला," आणि मी म्हणाले, "अवकळा आधी होती," आणि मग आपण थांबलोच नाही. तू म्हणालीस मी तुला एकटीला ऐकत ठेवलं. मी म्हणाले, तू तिथे आहेस हे मला कुठे ठाऊक होतं. तू म्हणालीस, "घरात एकच मूल होतं, आई. ते कुठे आहे एवढं बघायचं." ते तसंच राहू दे.

बाबांच्या खुर्चीत तू बसलीस आणि रडलीस, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. तुला वाटलं असेल मला ते बघवलं नाही. तसं नव्हतं. ते तुमचं दोघांचं होतं. ती खुर्ची तू घेऊन जा म्हटलं तर तू नको म्हणालीस. विचार कर. घाई नाही.

आणि तुझ्या घराचं. तू ते घर घेतलंस हे मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जास्त वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. एवढं स्वतःच्या कमाईचं घर, आणि त्यात एक गादी. जेवायला खिडकीच्या कठड्यावर, काम करायला गादीवर, लॅपटॉप खोक्यावर. "दुकानात जाते," तू म्हणालीस, "सोफा बघते, टेबल बघते आणि परत येते. काहीही आणलं की ते कायमचं होईल असं वाटतं. एकदा आत आलं की मग आपणच त्याच्याभोवती फिरायचं." मी ऐकत होते. मला वाटत होतं की ऑफिसचं फर्निचर मला एकटीलाच सोसावं लागलं.

मला मापं घेता येतात, सल्ला देता येतो, लोक त्यासाठी बोलावतात मला. पण मी तुला काही सुचवलं नाही, बघितलंस ना? जिभेवर आलं होतं. खिडकीपाशी एक बुटकं कपाट, त्यावर... नाही. गिळलं मी ते.

म्हणून काल तुझा फोटो आला तेव्हा मी खूप हसले. झोपाळा! रिकाम्या घरात पहिली वस्तू म्हणून झोपाळा! लॅपटॉप मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसून मीटिंग करतेस, आणि तिकडच्यांना तुझं डोकं पुढेमागे होताना दिसतं. तुझे साहेब काय म्हणाले? मिस्त्रींना फोटो दाखवला तर ते म्हणाले, "याचे हूक नीट बसवलेत का विचारा." वहिनी म्हणाली, "कंबरेला वाईट." मी दोघांनाही म्हटलं, गप्प बसा.

हूक मात्र खरंच नीट बसवलेत का?

आता ते स्टेशनवरचं. गाडी आत शिरत होती आणि तू एकदम विचारलंस, "आई, तुझं बाबांवर प्रेम होतं का?" मी म्हटलं, "डबा पुढे आहे, चल पळ." तू पळालीस. दारातून वळून बघितलंस, हसलीस, म्हणजे मी टाळलं हे तुला कळलं.

गेले काही दिवस मी याचं उत्तर मनात लिहिते आणि खोडते. ते गेल्यावर मला मोकळं वाटलं, हे खरं आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही, आत्याने ओळखलं असेल म्हणूनच ती चिडते. तिचा भाऊ होता. ते आणखी पंधरा वर्षं जगले असते तर मी कधीच टेप हातात धरली नसती, हेही खरं आहे. आणि तरी ते जगायला हवे होते, असं मला रोज एकदा तरी वाटतं. या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या मनात कशा मावतात ते मला सांगता येत नाही. मावतात.

सकाळी मी कामाला निघते. पिशवीत टेप, खडू, पाण्याची बाटली. गॅस बघते, कुलूप काढते, चपला घालते. आणि दार ओढून घेताना आत तोंड करून म्हणते, "अहो, येते हो." रोज. ठरवून नाही, तोंडातून निघून जातं. ते असते तर पेपरातून मान वर न करता "हं" म्हणाले असते. आता कुणी काही म्हणत नाही. मी तरी क्षणभर थांबते आणि मग कुलूप लावते.

प्रेम होतं का, ते तू ठरव. मला एवढंच ठाऊक आहे.

आज एका दवाखान्यात जायचं आहे, तिथल्या थांबायच्या खोलीत नवे बाक हवेत. मिस्त्री रिक्षात बसून हॉर्न वाजवतायत.

येते.

आई